माळ्यावरच्या तुकड्यांचा पाळणा

विमलबाईला सवत नव्हती, पण लाकडाचे तुकडे होते. सवत असती तर तिच्याशी भांडून मन तरी मोकळं झालं असतं, असं ती चारचौघींत म्हणायची. तुकडे उलट बोलत नाहीत, नुसते वाटेत येतात.

नागोठण्याच्या अलीकडं, अंबा नदीच्या काठाला तिचं घर. नवरा गुणाजी घरची भातशेती सांभाळून आधी गावोगाव दारं-खिडक्या करायचा, मग कंपनी आली तसा कंपनीत सुतार म्हणून लागला. शिफ्ट संपवून आला की हातपाय धुवायच्या आधी तो मागच्या पडवीत जायचा आणि पिशवीतून दिवसभराची कमाई बाहेर काढायचा. कमाई म्हणजे वीतभर साग, फणसाची एखादी पट्टी, मशिनरीच्या पेटाऱ्याची पांढरी ढलपी. रिटायर झाल्यावर तरी हे थांबेल अशी बिचारीला आशा होती. रिटायर झाल्यावर गुणाजी दिवसभर मोकळा झाला आणि तुकडे दुपटीनं यायला लागले.

बरं, माणूस गबाळा असता तर एक दिवस सगळं गोळा करून चुलीत घालता आलं असतं. पण गुणाजीचं सगळं नीटस. वीतभर लांबीचे तुकडे तेलाच्या रिकाम्या डब्यांत, हातभर लांबीचे गोणत्यांत, त्याहून मोठे भिंतीला टेकून उभे. प्रत्येकावर पेन्सिलीनं लिहिलेलं: लाकूड कुठलं, कुणाच्या घरचं, कुठल्या साली मिळालं. ज्यांना डबा नाही, गोणतं नाही आणि भिंत नाही, ते विमलबाईच्या पायात.

"एवढासा तुकडा, काय कामाचा हो ह्यो?" ठेच लागली की ती कडाडायची.

"कामाचा हायच. काम यायचं बाकी हाय," गुणाजी शांतपणे म्हणायचा आणि मग त्या तुकड्याची कुळकथा सांगायला बसायचा. हा जनूच्या दारचा फणस, वादळात पडला तो. हा शाळेच्या मोडक्या बाकाचा साग. ही चंदर कातकऱ्याच्या कावडीची, धामणीच्या झाडाची काठी, वाकवली तर वाकते पण मोडत नाही. विमलबाई एका कानानं ऐकायची, तोंडानं भांडायची आणि हातानं ठेचेला हळद लावायची. वीस वर्षं हेच चाललं होतं.

त्यांची एकुलती एक पोर शकू. तिला रोह्याला दिली, तीही लाकडाच्याच घरात. व्याही हैबतराव म्हणजे रोह्यातले वखारवाले. उभ्या झाडाकडं बघून आत किती माल निघेल ते सांगणारा माणूस. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या, आणि आपल्याला लाकडातलं कळतं याचा अभिमान सगळ्यांहून मोठा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते घरी आले, मागच्या पडवीत डोकावले आणि हसले.

"व्याहीबुवा, चुलीची चांगली तयारी केलीय! आमच्या वखारीत असला माल आम्ही बेकरीवाल्याला फुकट देतो."

गुणाजीही हसला. त्याला वाईट वाटलं असलं तरी ते कुणाला दिसलं नाही. विमलबाईला मात्र ते शब्द झोंबले. पुढच्या खेपेला शकू माहेरी आली तेव्हा हसत हसत बोलून गेली की सासऱ्यांची बहीण, आत्याबाई, तिला ढलप्यावाल्याची पोर म्हणतात. तोंडानं हसत होती, पण बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आईला एवढं पुरलं.

त्याच दिवशी विमलबाईनं फर्मान काढलं. "ह्या घरात एक तर मी ऱ्हाईन, नायतर तुमचं तुकडं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मना ते नकोत."

गुणाजीनं वाद घातला नाही. दोन दिवस शिडीवर चढ-उतर करून त्यानं सगळे डबे आणि गोणती स्वयंपाकघरातल्या चुलीवरच्या माळ्यावर नेऊन रचले. घरात गॅस होता, तरी भाकऱ्या आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच व्हायचं. तिचा धूर रोज त्या तुकड्यांना लागत राहिला. पडवीत राहिल्या त्या फक्त सागाच्या चार अख्ख्या फळ्या. शकूचं लग्न झालं त्याच साली गुणाजीनं त्या घेऊन वाळत ठेवल्या होत्या, नातवंडाच्या पाळण्यासाठी. त्यांच्याबद्दल विमलबाईची तक्रार नव्हती. त्या अख्ख्या होत्या, आणि रोह्याच्या तोंडावर मारायला चांगल्या होत्या.

कारण पाळणा माहेरचाच असायला हवा, ही रीत. बाळाचं बारसं सासरी, सव्वा महिना उलटल्यावर, पण बाळ ज्यात निजायचं तो पाळणा आईच्या माहेरहून यायचा. हैबतरावांच्या घरी तर याचं फार. घरात आलेल्या प्रत्येक सुनेचा पाळणा कसा होता, हे आत्याबाईंना पाठ होतं.

शकू बाळंतपणाला आली आणि जुलैच्या शेवटी अंबा नदी गावात शिरली. पाणी बघता बघता छातीएवढं झालं. आठव्या महिन्यातल्या शकूला दोघांनी हाताला धरून देवळाच्या उंच ओट्यावर नेलं. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा पडवीची मागची भिंत नव्हती. चार फळ्याही नव्हत्या. कुणाच्या भातखाचरात अडकल्या असतील, नाहीतर थेट धरमतरच्या खाडीला लागल्या असतील. हत्यारांची पेटी तेवढी गुणाजीनं जाताना डोक्यावर घेतली होती, म्हणून वाचली.

विमलबाईनं घरातला चिखल काढला, भांडी घासली, भिजलेलं भात उन्हात पसरलं. या सगळ्यात ती रडली नाही. पडवीतली रिकामी जागा बघितली तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.

श्रावण सरता सरता शकू बाळंत झाली. मुलगी झाली, गोरीगोमटी, रडायला लागली की आळी जागी करणारी. बारसं नवरात्रात ठरलं. पाचव्या दिवशीच हैबतरावांचा फोन आला. विमलबाईनं उचलला.

"विहीणबाई, तुमच्या फळ्या गेल्या म्हणून कळलं. आमची वखार उंचावर आहे, माल कोरडा आहे. उद्या चार फळ्या पाठवतो, व्याहीबुवांना हात फिरवू दे."

माणूस मनानं वाईट नव्हता, हे विमलबाईला कळत होतं. पण सासरच्या लाकडाचा पाळणा माहेरचा कसा म्हणायचा? आज फळ्या घेतल्या तर आत्याबाई जन्मभर शकूला ऐकवत राहतील की पाळणासुद्धा आमचाच होता. "नको व्याहीबुवा," ती म्हणाली. "पाळणा हितनंच येईल. तुमी काळजी नका करू." फोन ठेवला आणि ती रिकाम्या पडवीत जाऊन उभी राहिली. बोलून बसली होती, आणि घरात एक फळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं पेणला गेली. गुणाजीनं वखारीमागून वखारी पालथ्या घातल्या. फळीवर बोटाच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा आणि मान हलवायचा. "वल्लं हाय. अर्ध्या पावसात कापलेलं. ह्याचा पाळना केला तर शिमग्यापर्यंत सांदं उघडतील." शेवटी विमलबाईनंच त्याला बाजारपेठेतल्या दुकानात ओढत नेलं. तिथं एक तयार पाळणा टांगलेला होता. चकाकत होता, त्याला कृत्रिम फुलांची माळ लावलेली होती. घ्यायचा म्हटलं तर घेता आला असता. गुणाजीनं वाकून तो खालून बघितला, आतल्या पातळ प्लायवुडवर मारलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, बघितले आणि दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. हैबतरावही पहिल्यांदा खालूनच बघणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर विमलबाई चहाला आधण ठेवत होती आणि गुणाजी चुलीपुढं बसून वर बघत होता. बराच वेळ बघत होता. तिनं त्याची नजर ओळखली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"सगळं सुकं हाय का हो वरचं?" तिनं विचारलं.

"तीन वरसं धूर खातंय," गुणाजी म्हणाला. "किडा नाय, वल नाय. पेणच्या एका वखारीत असलं लाकूड नाय. पन तुला चालंल का? तुकड्यांचा पाळना म्हंतील."

विमलबाईनं चहाचं आधण उतरवलं, पदर खोचला आणि शिडी लावली. "तुमचा गुडघा नाय चालायचा. मीच चढते."

वीस वर्षं जे उचलून फेकायला तिचे हात शिवशिवत होते, ते तुकडे आता ती एकेक करून दोन्ही हातांनी खाली देत होती. खाली दाराशी शकू बाळाला मांडीवर घेऊन बघत बसली होती. पेन्सिलीची अक्षरं धुरानं काळी पडून गेली होती, पण विमलबाईला वाचायची गरज पडत नव्हती.

"हा घ्या जनूचा फनस. ह्यानं माज्या अंगठ्याचं नख काढलं व्हतं. हा बाकाचा साग, ह्याच्यावरनं आपलं चतुर्थीला भांडण झालं. आनि हा शिवणीच्या झाडाचा, ह्यो मी एकदा चुलीत घातला व्हता, तुमी काढलात."

"तुला सगळं ध्यानात हाय गो!" गुणाजी चकित झाला.

"ध्यानात नसायला काय, डोकं खाल्लंय ह्यांनी माजं."

काम सुरू झालं. सगळ्यांत लांब तुकडा दीड हाताचा आणि पाळण्याच्या बाजूला हव्यात अडीच हाताच्या पट्ट्या. गुणाजी एका तुकड्यात खाच पाडायचा, दुसऱ्याला जीभ काढायचा, एकात एक बसवायचा आणि दोहोंतून आरपार खैराची खुंटी ठोकायचा. चूक म्हणून एक मारायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. लोखंड गंजतं, खुंटी लाकडाबरोबर जुनी होते, असं त्याचं म्हणणं. पहिली बाजू जोडली ती फसली. पेटाऱ्याचं पांढरं लाकूड नरम, खैराची खुंटी त्याला आतून फाडायला लागली. आठ दिवसांचं काम त्यानं एका दुपारी सोडवलं. विमलबाईला धास्ती वाटली, पण त्यानं पेटाऱ्याचं लाकूड बाजूला काढलं आणि फणस, साग, शिवण असे एकमेकांना झेपणारे तुकडे लावून पुन्हा जोडलं. रंधा फिरला आणि फणसाचा पिवळा, सागाचा तांबूस, शिवणीचा पांढुरका असे रंग एकापुढं एक उमटले, लुगड्याच्या काठासारखे. विमलबाईनं त्यावरून हात फिरवला. सांधा कुठं आहे ते डोळ्यांना दिसत होतं, बोटांना लागत नव्हतं.

मग अडलं चार कोपऱ्यांच्या दांड्यांपाशी. गुणाजीला तिथं काळसर भेंडी हवी होती. भाजीची नव्हे, खाडीकाठी वाढणारं भेंडीचं झाड, ज्याच्या लाकडाच्या होडीच्या फासळ्या करतात. वीसेक वर्षांपूर्वी धरमतरला मोडीत काढलेल्या एका होडीचे चार तुकडे त्यानं आणले होते. माळ्यावर तीनच सापडले. दोन दिवस घर उलथंपालथं झालं. तिसऱ्या दिवशी विमलबाई लोखंडी कपाटापाशी जाऊन उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, "चौथा हितं हाय."

कपाट डगमगत होतं म्हणून तिनं कधीकाळी तो पायाखाली सारला होता. नवऱ्याचे तुकडे ती वर्षानुवर्षं गुपचूप वापरत आली होती, हे त्या दिवशी उघड झालं. खुराड्याची कडी, पाटाचा पाय, दाराची खीळ. गुणाजीनं कपाट उचलून धरलं, तिनं तुकडा ओढला. पुराच्या पाण्यात तो तीन दिवस बुडालेला होता.

"खराब झाला का गो?"

"भेंडीला पान्याचं काय? ती जल्मली खाडीत." आणि तो इतका हसला की शकू बाळाला घेऊन धावत आली.

पाळणा झाला. वर टांगायला भेंडीच्याच उरलेल्या ढलप्यांची चार पाखरं झाली. पॉलिश नाही, नुसतं खोबऱ्याचं तेल. माळ्यावर आता ओंजळभर कपच्या राहिल्या होत्या.

नवरात्रात टेम्पोनं सगळी रोह्याला गेली. हैबतरावांच्या घरी पन्नास-साठ माणसं. बायकांनी पाळण्यावरची चादर काढली आणि सगळ्या भोवती जमल्या. मग कुजबुज सुरू झाली. हैबतरावांची थोरली बहीण हौसाबाई, त्याच त्या आत्याबाई, पुढं आल्या आणि जोडांवरून नजर फिरवत म्हणाल्या, "गो शकू, तुझ्या बापाला अख्खी फळी नाय मिळाली? तुकडं तुकडं जोडलेत!"

शकूनं मान खाली घातली. गुणाजी भिंतीशी उभा राहून टोपी हातात फिरवत होता. चारचौघांत बोलायची त्याला कधी सवयच नव्हती. विमलबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आत्याबाई, बाळाची गोधडी कशाची शिवता? तुकड्यांचीच ना? तिच्यातच बाळाला ऊब लागते का नाय?"

दोघी-चौघी बायका हसल्या. तोपर्यंत हैबतराव चष्मा लावून पुढं आले होते. त्यांनी आधी वाकून पाळणा खालून बघितला. मग दोन्ही हात टेकून सगळं वजन टाकलं. पाळणा करकरला नाही. एकही चूक सापडली नाही. त्यांनी एका सांध्यात नख घालून बघितलं, नख गेलं नाही. मग ते पाळण्याभोवती फिरायला लागले आणि मोठ्यानं ओळखायला लागले, जसे वखारीत गिऱ्हाइकापुढं ओळखतात.

"फणस. साग, जुना साग. शिवण. ही खुंटी खैराची. ही कमान, थांबा, ही धामण! वा!" प्रत्येक नावासरशी त्यांचा आवाज चढत होता. शेवटी त्यांनी कोपऱ्याच्या काळसर दांड्याला हात लावला. "आणि ही शिसव. व्याहीबुवा, शिसव कुठनं मिळवलीत एवढी?"

भरल्या घरात व्याह्याला चुकला म्हणायचं गुणाजीच्या जिवावर आलं. विमलबाईच्या जिवावर आलं नाही.

"शिसव नाय ती, व्याहीबुवा. भेंडी हाय."

हैबतराव हसले. "विहीणबाई, चाळीस वर्षं वखार चालवतोय मी."

"चालवत असाल. तुमची वखार डोंगराकडची, ही खाडीची भेंडी हाय. धरमतरच्या होडीची. आमच्याकडं आली तेवा शकू दोन वरसांची व्हती. तीन तुकडं माळ्यावर व्हतं आनि चवथा माज्या कपाटाखाली. हे घ्या, हातात घेऊन बघा." तिनं वर टांगलेलं एक पाखरू सोडलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

हैबतरावांनी ते तोललं. हात खाली झुकायला हवा होता, तो झुकला नाही. शिसवीचं वजन त्यांच्या हाताला अंधारातही कळलं असतं. त्यांनी पुन्हा तोललं, नाकाशी नेलं, उजेडात धरून शिरा बघितल्या. पन्नास-साठ माणसं बघत होती आणि विमलबाईला आता माघार घ्यायला जागाच नव्हती.

"भेंडी," हैबतराव म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलो. विहीणबाई बरोबर आहेत. भेंडीच आहे." त्यांनी चष्मा काढला आणि गुणाजीजवळ जाऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "व्याहीबुवा, अख्ख्या फळीचा पाळणा कुणीही करील. हा मला करता येणार नाही. शकू, हा पाळणा या घरातून बाहेर जायचा नाही. तुझ्या लेकीची लेकरंसुद्धा यातच निजतील. आणि हौसाताई, यापुढं माझ्या सुनेच्या माहेराबद्दल बोलताना आधी हे सांधे बघायचे."

हौसाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि वरवंटा आणायला आत गेल्या, कारण बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. तो ठेवला, काढला, आणि मग शकूनं लेकीला आत ठेवलं. पाळणा अंगचाच असल्यासारखी पोरगी पाय ताणून झोपली.

"एक विचारू का?" हैबतराव जरा चाचरत म्हणाले. "आमच्या वखारीत आठवड्याला गाडीभर तुकडे पडतात. बेकरीवाल्याला देण्यापेक्षा तुमच्याकडं टेम्पो पाठवला तर?"

सगळ्यांनी गुणाजीकडं बघितलं. गुणाजीचे डोळे लकाकले, पण वीस वर्षांची सवय, त्यानं बायकोकडं बघितलं. विमलबाईनं घाई केली नाही. रोह्यातल्या त्या भरल्या घराला तिनं चांगलं थांबवून ठेवलं. पदर नीट केला, शकूकडं बघितलं, पाळण्याकडं बघितलं.

"पाठवा," ती म्हणाली. "पन वल्लं पाठवू नका. वल्लं आमी घेत नाय."

हैबतराव मोठ्यानं हसले. त्यांच्याबरोबर सगळं घर हसलं. आणि त्या हशातून तिला शकूचा आवाज वेगळा ऐकू आला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासरच्या माणसांत, तोंडावर हात न ठेवता, पोरगी पहिल्यांदा खळखळून हसत होती. विमलबाईनं पाळण्याची दोरी हातात घेतली आणि ओढली.